ओठाची मापे, गालाचा रोग : मुखकर्करोगाचे पूर्वानुमान आणि अहिल्यानगर जिल्हा

रोगाची पुढची वाटचाल कशी होईल, शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा उद्भवेल का आणि रुग्ण किती काळ जगेल, याविषयी आधीच बांधलेल्या अंदाजाला वैद्यकशास्त्रात पूर्वानुमान म्हणतात. मुखकर्करोगाच्या बाबतीत हा अंदाज गेली शंभर वर्षे प्रामुख्याने विकृतिविज्ञानाच्या, म्हणजे रोगाने शरीराच्या ऊतकांत घडवलेले बदल सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्या शास्त्राच्या, आधारे बांधला जात आहे. या शास्त्राचा इतिहास सहसा अमेरिका आणि उत्तर युरोपातील प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, यासारख्या जिल्ह्याच्या बाजूने तो पाहिला असता त्यातील एक विसंगती ठळक होते. पूर्वानुमानाच्या मोजपट्ट्या ज्या अवयवांवर तयार झाल्या ते अवयव ओठ, स्वरयंत्र आणि जीभ हे होते, तर या भागातील रोग मोठ्या प्रमाणात गालाचे आतले अस्तर आणि गाल व हिरडी यांमधली खाच येथे सुरू होणारा होता.

रोगाच्या जागेमागे येथील तंबाखूचा इतिहास आहे. पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरलेली तंबाखू सतराव्या शतकाच्या आरंभी दख्खनमध्ये चांगली रुळलेली होती. अकबराचा दूत असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन १६०४-०५ च्या सुमारास मोगल दरबारात पोचला, तेव्हा उत्तरेकडील दरबाऱ्यांना ती वस्तू नवलाची वाटली, असे त्याच्याच वृत्तांतावरून दिसते. निजामशाहीची राजधानी असलेले नगर त्याआधीच, १६०० मध्ये, मोगलांच्या हाती गेले होते आणि विजापूर व उत्तर हिंदुस्थान यांच्यामधल्या प्रदेशात होते. पुढील तीन शतकांत तंबाखूने या भागात जी रूपे घेतली त्यांत ओढण्यापेक्षा तोंडात धरण्याची रूपे अधिक होती. पुरुषांच्या कमरेला चंची आणि चुन्याची डबी आली, तळहातावर मळलेल्या तंबाखूचा बार गालात किंवा खालच्या ओठामागे भरण्याची सवय शेतमजुरापासून पाटलापर्यंत सर्वांना लागली, आणि स्त्रियांमध्ये तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून दातांना लावण्याची, म्हणजे मशेरीची, चाल पडली. विसाव्या शतकात नगर, संगमनेर आणि अकोले येथे विडी वळण्याचा धंदा वाढला. नगर शहरात तो मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबांतील स्त्रियांच्या हाती आला, कारण हातमागावर पोट भरेनासे झाले होते. संगमनेरचा जर्दा महाराष्ट्रभर पोचला. शतकाच्या अखेरीस गुटखा आला, आणि कातरलेली सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला मावा नगरच्या टपऱ्यांवर इतका विकला जाऊ लागला की शेजारच्या जिल्ह्यांतही तो नगरचा म्हणून ओळखला जातो. बार ज्या बाजूला तासन्‌तास धरला जातो त्याच बाजूच्या गालात पुढे पांढरा चट्टा आणि मग व्रण होतो, हे खाणाऱ्यांना डॉक्टरांच्या आधी माहीत होते.

रोगाचे रूप प्राचीन वैद्यकाला अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत तोंडाच्या सात स्थानांतील पासष्ट रोग सांगितले आहेत आणि त्यांतील काही असाध्य ठरवले आहेत. साध्य, कष्टसाध्य व असाध्य ही वर्गवारी म्हणजेच पूर्वानुमान होय, मात्र ते पाहणे, चाचपणे आणि रुग्णाची एकूण अवस्था यांवर आधारलेले होते. आधुनिक वैद्यक नगरमध्ये मिशनऱ्यांच्या मागोमाग आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले आणि पुढे साल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल शहराच्या ओळखीचा भाग झाले. परंतु तोंडातील गाठीचा तुकडा काढून तो तपासण्याची आणि त्यावर उपचार ठरवण्याची पूर्ण व्यवस्था दीर्घकाळ जिल्ह्यात नव्हती. ज्यांना शक्य होते ते पुण्या-मुंबईला जात, आणि बहुतेक तेव्हाच जात, जेव्हा जबडा उघडेनासा झालेला असे किंवा गळ्यात गाठ आलेली असे.

गळ्यातील ही गाठ पूर्वानुमानाचे सर्वांत जुने चिन्ह आहे. तोंडातील कर्करोगाच्या पेशी लसीकावाहिन्यांतून प्रथम जबड्याखालच्या व मानेच्या लसीकाग्रंथींत जातात. म्हणून या ग्रंथी एकसंध काढल्या पाहिजेत हा विचार अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेची सविस्तर पद्धत प्रसिद्ध करून रूढ केला. त्यानंतर दीर्घकाळ रुग्णाचे भवितव्य दोन मापांनी ठरत असे, तोंडातील गाठीचा आकार आणि मानेत गाठ असणे वा नसणे. फ्रान्समध्ये पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात मांडलेल्या टीएनएम वर्गीकरणाने, म्हणजे मूळ गाठ, लसीकाग्रंथी आणि दूरचा प्रसार अशा तीन स्तंभांनी, याच निरीक्षणाला सर्व जगाला समजेल अशी भाषा दिली.

सूक्ष्मदर्शकाने यात हस्तक्षेप केला तो १९२० मध्ये. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे विकृतिवैज्ञानिक आल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कर्करोगाचे ५३७ रुग्ण अभ्यासून असे मांडले की कर्करोगाच्या पेशी मूळ त्वचेच्या पेशींशी किती साम्य राखतात यावरून रोगाचा जहालपणा सांगता येतो. निरोगी अस्तरातील पेशी वर सरकताना केराटिन नावाचे कठीण प्रथिन तयार करतात. कर्करोगाच्या पेशीही ते करत असतील तर त्या विभेदित, म्हणजे मूळ स्वभाव बऱ्यापैकी राखलेल्या, आणि करत नसतील तर अविभेदित. तीन-चतुर्थांशाहून अधिक पेशी विभेदित असल्या तर पहिली श्रेणी आणि एक-चतुर्थांशाहून कमी असल्या तर चौथी, अशी ही मांडणी होती. ती सोपी होती आणि म्हणूनच टिकली. तुकड्याच्या अहवालात चांगले, मध्यम व अल्प विभेदन हे शेरे आजही तिच्याच वारशाने लिहिले जातात. तिचा दोष मात्र लवकरच दिसू लागला. तोंडातील बहुसंख्य कर्करोग चांगल्या किंवा मध्यम विभेदनाचेच निघतात, आणि त्या एकाच श्रेणीतील एक रुग्ण दहा वर्षे जगतो तर दुसरा वर्षभरात दगावतो. सगळ्यांना एकाच रांगेत उभे करणारी मोजपट्टी अंदाज बांधण्यास फारशी उपयोगी पडत नाही, हे वस्तुतः उघड होते. तरीही ती बदलायला अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान मुंबईत या रोगाचा अभ्यास वेगळ्या दिशेने सुरू झाला होता. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची सूत्रे वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांच्याकडे आली. भारतीय विकृतिविज्ञानाचा पाया घालणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या खानोलकरांनी १९४४ मध्ये मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, आणि १९५५ मध्ये ल. द. संघवी व के. सी. राव यांच्याबरोबर तंबाखू ओढणे व खाणे यांचा तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकडेवारीने दाखवला. सवयीप्रमाणे रोगाची जागा बदलते, हे त्यांच्या कामाचे महत्त्वाचे फलित होते. १९५६ मध्ये त्याच रुग्णालयाचे शल्यचिकित्सक जे. सी. पेमास्टर यांनी केवळ गालाच्या अस्तराच्या कर्करोगाचे ६५० रुग्ण एकत्र मांडले. पाश्चात्त्य रुग्णालयांत ही जागा दुय्यम असताना येथे ती स्वतंत्र अभ्यासाचा विषय होण्याइतकी प्रमुख होती. खानोलकरांचे आणखी एक काम येथे सहज आठवते. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात याचा त्यांनी सूक्ष्म अभ्यास केला होता, आणि मज्जातंतूभोवती शिरलेला कर्करोग हा पुढे पूर्वानुमानाचा एक ठळक निकष ठरला. दोन रोगांचा परस्परांशी संबंध नाही, पण मज्जातंतूला वाट म्हणून पाहण्याची नजर तीच आहे.

नगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे याच काळात खेड्यांची पाहणी झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली आणि डॅनिश विकृतिवैज्ञानिक येन्स पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने शेजारच्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. मशेरी, तंबाखू-चुना आणि तोंडातील पांढरे चट्टे यांची घरोघर जाऊन झालेली ही नोंद नगरच्या गावांनाही जवळची होती, कारण घोडनदीच्या दोन्ही तीरांवरच्या सवयी वेगळ्या नव्हत्या. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जामखेडच्या पलीकडे बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय तिचे केंद्र होते. रोग किती लोकांना होतो हे अशा पाहण्यांतून कळते. झालेल्यांपैकी कोण वाचेल हे कळण्यासाठी मात्र शस्त्रक्रियेत काढलेली गाठ कापून पाहावी लागते, आणि त्यासाठी रुग्णालय, शल्यचिकित्सक व प्रयोगशाळा एका ठिकाणी लागतात.

नगर जिल्ह्यात हे तिन्ही एकत्र आले ते साखरेच्या पैशावर, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने लोणी येथे उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये आणि बाजारपेठ उभी राहिली. १९७२ मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट स्थापन झाला, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय सुरू झाले, आणि २००३ मध्ये या संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दंत महाविद्यालयाचे महत्त्व येथे विशेष आहे, कारण तोंडाच्या विकृतिविज्ञानाचा स्वतंत्र विभाग त्यातूनच येतो. सामान्य विकृतिवैज्ञानिकाच्या टेबलावर पोटाची, गर्भाशयाची आणि स्तनाची गाठ येते, तर या विभागात गाल, जीभ आणि जबडा हेच रोजचे काम असते.

त्या टेबलावरचे काम बाहेरच्या वाचकाला फारसे ठाऊक नसते, आणि पूर्वानुमानाचे निम्मे यश तेथेच ठरते. शस्त्रक्रियेतून आलेला गाल, जबड्याचे हाड आणि मानेतील चरबीसह ग्रंथी फॉर्मलिनमध्ये ठेवून घट्ट केल्या जातात. कडांना शाई लावली जाते, म्हणजे काचपट्टीवर कापलेली बाजू कोणती हे ओळखता येते. मग पातळ चकत्या करून मेणात बसवल्या जातात आणि त्यांचे काही मायक्रॉन जाडीचे छेद काढून हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांनी रंगवले जातात. हाडाचा तुकडा आम्लात मुरवून त्यातील चुना काढावा लागतो, त्याशिवाय पाते चालत नाही. मानेच्या चरबीतून ग्रंथी बोटांनी शोधून काढाव्या लागतात, आणि कमी शोधल्या तर रोग नाही असे खोटे समाधान मिळते. फॉर्मलिनमध्ये ऊतक आक्रसते, म्हणून शल्यचिकित्सकाने रोगाबाहेर एक सेंटिमीटर सोडून कापले तरी अहवालात ते अंतर कमी भरते. कड पाच मिलिमीटर किंवा अधिक मोकळी असेल तर ती सुरक्षित मानतात, त्याहून कमी असेल तर जवळची, आणि एक मिलिमीटरच्या आत रोग असेल तर रोगग्रस्त.

काचपट्टीवर काय पाहायचे याचे उत्तर मात्र १९७० नंतर झपाट्याने बदलले. स्वीडनमध्ये याकोब्सन आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी आठ निकषांची पद्धत मांडली. पेशींचे चार गुण आणि रोग व शरीर यांच्या झटापटीचे चार गुण, प्रत्येकाला एक ते चार अंक. १९८७ मध्ये आनेरोथ व सहकाऱ्यांनी तिला तोंडाच्या कर्करोगासाठी सुधारले. नॉर्वेचे मॅग्ने ब्रिन यांनी १९८९ आणि १९९२ मध्ये जे सुचवले ते साधे आणि निर्णायक होते: संपूर्ण गाठीची सरासरी काढण्याऐवजी गाठ सर्वांत खोल जिथे शिरते आहे त्या आघाडीवरच्या पेशीच पाहाव्यात, कारण पृष्ठभागावरच्या पेशी सभ्य दिसल्या तरी रुग्णाला मारतात त्या तळाच्या पेशी. न्यूयॉर्कच्या मार्गारेट ब्रँडवाइन-गेन्सलर यांनी २००५ मध्ये याच विचाराला पुढे नेले. गाठ रुंद, सलग कडेने पुढे सरकते आहे, की तुटक बेटे करत, की मुख्य गाठीपासून एक मिलिमीटर किंवा अधिक दूर स्वतंत्र पुंजके टाकत, यावर त्यांनी आक्रमणाच्या आकृतिबंधाचे पाच प्रकार केले, आणि त्यांतील सर्वांत वाईट जो दिसेल तोच अहवालात लिहावा असे म्हटले. शेतात हरळीच्या काशा जशा मूळ झुपक्यापासून लांब जाऊन डोके काढतात, तसा पाचवा प्रकार असतो. दिसते तेवढे खणून तो संपत नाही. पाचपेक्षा कमी पेशींच्या सुट्या पुंजक्यांना अंकुर म्हणतात, आणि त्यांची मोजणी आतड्याच्या कर्करोगातून तोंडाच्या कर्करोगात आली. पुन्हा तेच घडले: माप दुसऱ्या अवयवाचे, रोग आपला.

काही मापे मात्र येथील रोगावर चालत नाहीत, आणि हे अनुभवाने कळले. लॉरेन ॲकरमन यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेला व्हेरुकस कर्करोग, म्हणजे फुलकोबीसारखा वर वाढणारा प्रकार, तंबाखू खाणाऱ्यांच्या गालात वारंवार आढळतो. तो दिसायला भयंकर असतो, पण लसीकाग्रंथींत जवळजवळ कधीच जात नाही, म्हणून आकारावरून केलेला अंदाज येथे फसतो. उलट गालाचा कर्करोग चावण्याच्या स्नायूंच्या जागेत शिरला की आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्याला अतिप्रगत ठरवते. परंतु तैवान आणि भारत येथील शल्यचिकित्सकांनी दाखवले की जबड्याच्या हाडाच्या वरच्या खाचेखालील भागापुरता रोग मर्यादित असेल तर तो पूर्ण काढता येतो आणि रुग्ण बऱ्यापैकी जगतो. तोंड आखडणाऱ्या रोगाची, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसची, गोष्टही अशीच आहे. मुंबईचे शल्यचिकित्सक एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये त्याला हे नाव दिले. सुपारीमुळे अस्तराखाली तंतुमय थर साचून तोंड उघडणे बंद होते, आणि गुटखा व मावा यांमुळे तो तरुणांत पसरला. या पार्श्वभूमीवर होणारा कर्करोग वेगळा वागतो का, याची तपासणी टाटा रुग्णालयातील पंकज चतुर्वेदी व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. असे रुग्ण अधिक तरुण असतात, पण त्यांच्या गाठींचे विभेदन चांगले असते आणि लसीकाग्रंथींतील प्रसार कमी आढळतो. महाराष्ट्राने गुटख्यावर २००२ मध्ये बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयात २००४ मध्ये टिकली नाही, आणि २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. टपरीवरचा मावा मात्र हाताने घोटला जात असल्याने कारखान्यावरील बंदी त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाही.

सर्वांत मोठा बदल खोलीच्या मापाने झाला. १९८६ मध्ये रोनाल्ड स्पायरो यांनी जिभेच्या गाठीची जाडी आणि मृत्यू यांचा संबंध दाखवला. त्याच वर्षी मूर आणि सहकाऱ्यांनी जाडी आणि खोली यांत फरक करावा असे सुचवले, कारण वर वाढलेली गाठ जाड असूनही उथळ असू शकते आणि खड्डा पडलेली गाठ पातळ दिसूनही खोल गेलेली असते. शेजारच्या निरोगी अस्तराच्या तळाशी आडवी रेषा कल्पून तिथून सर्वांत खोल पेशीपर्यंत ओळंबा सोडल्यासारखे अंतर मोजायचे, ही पद्धत २०१८ पासून अमलात आलेल्या टीएनएमच्या आठव्या आवृत्तीने अधिकृत केली. पाच मिलिमीटर आणि दहा मिलिमीटर हे तिचे दोन उंबरठे आहेत. त्याआधी २०१५ मध्ये टाटा रुग्णालयाच्या अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी पाचशे रुग्णांच्या चाचणीतून दाखवले होते की मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तेथील ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या, तर तीन वर्षांनी जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के असते आणि गाठ येईपर्यंत थांबले तर ६७.५ टक्के. तीन मिलिमीटरपेक्षा उथळ रोगात हा लाभ स्पष्ट नव्हता. मुंबईतील या चाचणीने जगभरच्या शल्यचिकित्सकांची सवय बदलली, आणि मोजपट्ट्यांचा प्रवास निदान एकदा तरी उलट दिशेने झाला.

एवढे निकष जमल्यावर कोणता खरा, असा प्रश्न उरतो. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले की लसीकाग्रंथीचे आवरण फोडून रोग बाहेर आलेला असेल किंवा कापलेली कड रोगग्रस्त असेल, तर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराबरोबर औषधोपचारही द्यावा लागतो. मज्जातंतू, रक्तवाहिन्या, अंकुर आणि आकृतिबंध या सर्वांपेक्षा हे दोन शोध उपचार अधिक थेट ठरवतात. म्हणजे क्राइल यांच्या आधीपासून वैद्यांच्या हाताला लागणारी मानेतील गाठ शंभर वर्षांनंतरही पहिल्या स्थानी आहे; सूक्ष्मदर्शकाने तिच्यात आवरण फुटले की नाही एवढी भर घातली. लोणीसारख्या ठिकाणी आज छेद जिल्ह्यातच कापले जातात, खोली मिलिमीटरमध्ये लिहिली जाते आणि आवरण फुटल्याची नोंद होते, हा चाळीस वर्षांतला बदल लहान नाही. तथापि या निकषांचा पूर्ण उपयोग लवकर आलेल्या रुग्णालाच होतो. तोंडात तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन बोटांपुरतेच उघडणारे तोंड घेऊन जो माणूस दंतवैद्याकडे जातो त्याच्या गाठीची खोली पाच मिलिमीटरच्या आत असण्याची शक्यता मोठी असते, आणि आजवर माहीत असलेल्या पूर्वानुमानांत त्याहून चांगले दुसरे नाही.